मागून हाक

आबांना घेऊन रत्नागिरीला जायचं ठरलं, तेव्हा गुणवंतीला ज्याने त्याने एकच गोष्ट बजावली. नवऱ्याने, अनिलने, गाडीत बसवून देताना हळूच सांगितलं, "त्यांचा हात सोडू नको." नणंदेने तेच फोनवरून तिखट लावून सांगितलं, "तुला हौस हाय तर ने बाई. पण माझ्या बापाला काय झालं, तर मला तोंड दाखवू नको." गुणवंती दोघांनाही "हो" म्हणाली. वन्संना जरा जास्तच नम्रपणे म्हणाली, कारण वन्संचा फोन लवकर संपवायचा तोच एक उपाय होता.

आबा म्हणजे दत्ताराम तांडेल. होडीवर तांडेल म्हणजे सगळ्या खलाशांचा म्होरक्या, त्याने म्हटलं तर जाळं टाकायचं आणि त्याने म्हटलं तर ओढायचं. उभा जन्म त्यांनी भगवती बंदरातून होडी हाकली. बायको गेली तसं अनिलने त्यांना नालासोपाऱ्याला आपल्या घरी आणलं, आणि तिथं चौथ्या मजल्यावर बसून हा दर्यावरचा माणूस हळूहळू विसरायला लागला. आधी गल्ली विसरला, मग जेवलो की नाही ते विसरला, मग नातीचं नाव. नात संस्कृती कॉलेजात जाणारी, समजूतदार. ती म्हणाली, "जाऊ दे, मलाही कधी कधी माझं नाव आवडत नाही." सगळे हसले आणि मग कोणीच हसेना.

एवढं सगळं गळून गेलं तरी एक वाक्य आबांच्या तोंडात टिकून राहिलं होतं. खिडकीशी उभे राहायचे आणि म्हणायचे, "भगवतीला नारळ द्यायचा ऱ्हायला." सकाळी म्हणायचे, दुपारी म्हणायचे, ताटावर बसले की घास हातात धरून म्हणायचे. अनिलला सुट्टी मिळेना. शेवटी गुणवंतीच उठली. म्हातारा माणूस एक नारळ मागतोय, तेवढाही द्यायला आपण नाही म्हणायचं का, असं तिला झालं.

पौर्णिमेच्या सकाळी गुणवंती आणि संस्कृती आबांना घेऊन निघाल्या. रिक्षावाला विठू ओळखीचा, दिवसभरासाठी ठरवलेला. आधी ग्रामदैवत भैरी, मग भागेश्वर, मग किल्ल्यावर भगवती, आणि ऊन उतरलं की मांडवीचा समुद्र, असा बेत संस्कृतीने आखला होता. पहिला मान भैरीचा, याबद्दल मात्र कोणाला विचारायची गरज नव्हती. गावात पाऊल टाकलं की आधी त्याच्या कानावर घालायचं, ही इथली रीत.

भैरीच्या देवळात गुरवाने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा महाराजा, हे तुझं लेकरू लांबून तुझ्या पायाशी आलाय, त्याची काय इडापिडा असेल ती दूर कर रे महाराजा!" आणि गुणवंतीने तोंड उघडायच्या आत बाजूने खणखणीत आवाज आला, "व्हय महाराजा!" आबा. मान ताठ, हात जोडलेले, डोळे देवावर. गुरव थांबेल तिथं बरोबर त्यांचा हुंकार पडत होता, एकदाही चुकला नाही. संस्कृतीने आईचा दंड दाबला. "आई, आबांना आठवतंय!" गुणवंतीच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिला वाटलं, आणलं ते बरं केलं. वन्संना संध्याकाळी फोन करून सांगू.

किल्ल्याच्या पायऱ्या चढताना आबांनी तिचा हात धरला की तिने त्यांचा, ते कळत नव्हतं, इतके ते झपझप चढत होते. वर वारा सुटला होता. तटाच्या पलीकडे तिन्ही अंगांना समुद्र, निळा आणि फुगलेला. एका बाजूला दीपगृहाची टेकडी, दुसऱ्या बाजूला खाली बंदर आणि बंदरापासून जरा बाजूला वाळूची छोटीशी पुळण. गुणवंतीने तिकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. ती खारव्याचीच पोर, खारव्याच्याच घरात दिलेली, पण पाण्याची तिला लहानपणापासून धास्ती. दर्यावर जायचं ते पुरुषांनी. बायकांनी मासळी विकायची, जाळी तुणायची आणि वाट बघायची. पोहायला कोण शिकवतो?

वाट बघण्याचेही नियम होते, आणि ते गुणवंतीला पाटी-पेन्सिलीच्या आधी शिकवलेले होते. दर्यावर निघालेल्या माणसाला कुठं चाललास, असं विचारायचं नाही. कधी येशील, असं विचारायचं नाही. आणि काही झालं तरी त्याला मागून हाक मारायची नाही. मारली, तर ते जाणं मोडतं. माणसाने परत फिरायचं, खाली बसायचं, गूळ-पाणी घ्यायचं, आणि त्या दिवशी दर्याचं नाव काढायचं नाही.

हे सगळं ठाऊक असून लग्नानंतर महिन्याभरात तिच्याकडून चूक झालीच. पहाटे आबा निघाले होते, खलाशी दारात उभे होते, आणि तिच्या तोंडून झोपेत निसटलं, "कुठं चाललाव? चाय ऱ्हायली." आबांनी खांद्यावरची टोपली खाली ठेवली. ओटीवर बसले, पाणी मागितलं. खलाशी एकमेकांकडे बघायला लागले. त्या दिवशी बाकीच्या होड्या बांगड्याने भरभरून आल्या आणि आबांची होडी किनाऱ्याला लागून राहिली. सासू पुढे कित्येक वर्षं प्रत्येक बांगड्याच्या कालवणाबरोबर ती गोष्ट वाढत असे. पण आबा एका शब्दाने बोलले नाहीत. खलाशांना एवढंच म्हणाले, "नवीन हाय पोरगी. शिकंल. आज ऱ्हाऊ दे." गुणवंती शिकली ती कायमची. नंतर दुधाच्या पिशवीला निघालेल्या नवऱ्यालाही तिने कधी कुठं म्हणून विचारलं नाही. अनिलची त्यामुळे बरीच सोय झाली.

भगवतीच्या पुढ्यात आबांनी नारळ ठेवला. पुजाऱ्याने तो वाढवला, अर्धी भकलं परत दिली आणि देवीच्या पायाजवळचं एक तांबडं जास्वंद आबांच्या हातात ठेवलं. आबा त्या फुलाकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, फूल त्याच्या टोकाला गाठ मारून बांधलं आणि टॉवेल कमरेला घट्ट आवळला. हात जोडले. वळले.

गुणवंती दक्षिणापेटीपाशी पर्समध्ये सुट्टे शोधत होती. संस्कृती दीपगृहाचे फोटो काढायला तटाकडे गेली होती. गुणवंतीने मान वर केली तर आबा दरवाज्यातून बाहेर पडत होते. पाठ ताठ, चाल ठाम, अशी चाल तिने कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. प्रश्न तिच्या जिभेवर आला. कुठं चाललाव? आणि लहानपणापासून गिळत आली तसा तिने तो गिळला. तिच्या मनात काही आलंसुद्धा नाही. घशाने आपलं काम आपणच केलं. बाहेर चौथऱ्यावर बसतील, असं समजून तिने पेटीत नोट टाकली, देवीला हळदकुंकू वाहिलं, प्रसाद पिशवीत भरला आणि बाहेर आली.

चौथऱ्यावर कोणी नव्हतं. पायरीशी आबांच्या चपला होत्या, शेजारी शेजारी, नीट ठेवलेल्या. म्हणजे आबा इथंच कुठंतरी आहेत. ती परत आत गेली. गाभाऱ्यात पुजारी, खांबाशी एक जोडपं सेल्फी काढतंय. देवळाला वळसा घातला. मागे विहीर. तिने विहिरीत डोकावून पाहिलं आणि जाळीवर साचलेली पाचोळ्याची रास बघून तिला हायसं वाटलं, मग हायसं वाटल्याची लाज वाटली. परत पायरीशी आली. चपला तिथंच.

"आबा!" तिने देवळाच्या अंगणात हाक मारली. वाऱ्याने ती उचलून नेली.

संस्कृती धावत आली. "काय झालं?"

"आबा नाहीत."

"नाहीत म्हणजे? तुझ्याबरोबर होते ना?"

दोघी दोन बाजूंना पळाल्या. गुणवंती तटाच्या कडेकडेने गेली. चिऱ्याचा तट जागोजाग कमरेएवढाच, काही ठिकाणी तेवढाही नाही. पलीकडे सरळ कडा आणि खाली खडकांवर आपटणारं पाणी. प्रत्येक ठिकाणी ती तटाला पोट लावून खाली बघायची आणि प्रत्येक वेळी डोळे मिटूनच वाकायची, मग उघडायची. एका ठिकाणी खडकांत पांढरं काहीतरी अडकून लाटेबरोबर वरखाली होत होतं. आबांचा सदरा पांढरा. ती भगवतीचं नाव घेत राहिली, आणि लाट ओसरली तेव्हा दिसलं की ते रिकामं पोतं होतं. ती तिथंच तटाला टेकून बसली. अनिलचा आवाज कानात होता. हात सोडू नको. ती हात सोडून दक्षिणेला सुट्टे शोधत बसली होती! देवी काय सुट्ट्यांसाठी अडून बसली होती का?

मग तिला टॉवेल आठवला.

फुलाची गाठ आठवली, कमरेला आवळलेला टॉवेल आठवला, नीट ठेवलेल्या चपला आठवल्या. हे तिने पूर्वी पाहिलेलं होतं, एकदा नाही, दर वर्षी. हंगामाच्या पहिल्या दिवशी आबा याच देवळात यायचे. भगवतीचं फूल टॉवेलात बांधायचं, पायातलं इथंच सोडायचं, आणि घरी न जाता, मागे न बघता, कोणाशी न बोलता सरळ खाली बंदरावर जायचं. सासू संध्याकाळी येऊन चपला घेऊन जायची. त्यांची होडी पुळणीसमोर उभी असायची आणि कमरेएवढ्या पाण्यातून चालत जाऊन ते चढायचे.

होडी विकून किती वर्षं झाली होती. आज पौर्णिमा. पौर्णिमेला भरती दुपारी भरते, आणि ऊन डोक्यावर येत चाललं होतं.

संस्कृतीला हाक मारत ती धावत सुटली. पायऱ्यांशी कोकम सरबत विकणारी बाई बसली होती. "अगो, एक म्हातारा माणूस बघितलास काय? पांढरा सदरा, कमरेला टॉवेल?"

"गेलं की मघाशीच खाली," बाई म्हणाली. "अनवाणी होतं. ताठ चाललेलं."

"मग अडवलं नाहीस? विचारलं नाहीस, कुठं जाताव म्हणून?"

बाईने तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने काही भलतंच मागितलं. "फूल बांधून दर्यावर चाललेल्या माणसाला कोण विचारतं गो?"

त्या साऱ्या उतरणीवर जितकी माणसं होती, तितक्यांनी आबांना पाहिलं असेल. रस्त्याच्या कडेला जाळं शिवणाऱ्यांनी, बंदराकडून बर्फ घेऊन येणाऱ्यांनी. सगळी मानाने बाजूला झाली असतील. भल्या माणसांनी वाट करून दिली होती, आणि त्या वाटेने आबा सरळ समुद्रात गेले होते.

विठू रिक्षात पाय वर घेऊन झोपला होता. संस्कृतीने त्याला हलवून उठवलं. रिक्षा उतारावरून सुटली तेव्हा गुणवंतीला समुद्र वळणावळणाला दिसायचा आणि झाडीत लपायचा. दिसला की तिला बघवत नव्हतं, आणि लपला की जीव कासावीस होत होता.

पुळणीवर कोणी नव्हतं. भरतीने निम्मी वाळू गिळलेली होती. आणि पाण्यात, लाटा फुटतात त्याच्याही पुढे, एक पांढरं डोकं आणि पांढरे खांदे.

आबा उभे होते. छातीएवढ्या पाण्यात उभे होते आणि चालत होते. एक लाट आली की थांबायचे, तिला अंगावरून जाऊ द्यायचे, पुन्हा पाऊल टाकायचे. घाबरलेला माणूस असा चालत नाही. समोर लांबवर कोणाचीतरी होडी नांगरलेली होती, आणि आबा तिच्याकडेच निघाले होते. ती किती लांब आहे आणि मध्ये किती खोल आहे, हे त्यांना कोण सांगणार?

"विठू, बंदरावर जा, कोणालाही आण, होडी आण!" गुणवंती ओरडली. विठू पळाला. बंदर तसं फार लांब नव्हतं, पण होडी सुटून, वळसा घेऊन इथं येईपर्यंत काय व्हायचं ते होऊन गेलं असतं, हे तिला कळत होतं.

संस्कृती पाण्याच्या कडेला उभी राहून जिवाच्या आकांताने हाका मारत होती. "आबा! आबा, परत या! आबा!" आबांनी वळूनही पाहिलं नाही. वाऱ्यामुळे ऐकू गेलं नसेल असं नाही. वारा समुद्राकडेच वाहत होता. पण आबा कोण? ते आज कोणाचेच आबा नव्हते. ज्या दिवसात ते चालले होते त्या दिवसात संस्कृती जन्मलीच नव्हती.

गुणवंती पाण्यात शिरली. गुडघ्याला पाणी लागलं. कमरेला लागलं तेव्हा एका लाटेने तिचे पाय उचलले आणि परत टेकवले, आणि तिला कळलं की पुढच्या लाटेत ते टेकणार नाहीत. तिने तोंड उघडलं. आवाज फुटेना. भीती होतीच, पण नुसती भीती असती तर ती किंचाळली तरी असती. मागून हाक मारायची नाही. मारली तर जाणं मोडतं. आईने सांगितलेलं, सासूने सांगितलेलं, उभ्या आयुष्यात एकदाच मोडलेलं.

जाणं मोडतं.

तिने खाऱ्या पाण्याचा घोट थुंकला आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडली, "ओ तांडेल! कुठं चाललाव?"

पांढरे खांदे थांबले.

"कुठं चाललाव, तांडेल? कधी येणार?" तिला रडू फुटलं होतं आणि त्यातच ती ओरडत होती. "चाय ऱ्हायली! कुठं चाललाव?"

एक लाट आबांच्या मानेवरून गेली. त्या क्षणभरात गुणवंतीला नुसतं पाणी दिसलं. मग डोकं वर आलं. आबा वळले. चेहरा दिसला तो चिडलेल्या माणसाचा, साफ वैतागलेल्या, दिवस फुकट गेलेल्या माणसाचा. त्यांनी होडीकडे एकदा पाहिलं. मग मान हलवली आणि किनाऱ्याकडे पाऊल टाकलं.

प्रत्येक लाट त्यांना थोडी पुढे ढकलत होती आणि ओसरताना थोडी मागे ओढत होती. गुणवंती होती तिथं पाय रोवून उभी राहिली, हात पुढे करून. संस्कृतीने मागून तिचा ओढणीसकट कुडता धरून ठेवला होता. बोटं बोटांना लागली तेव्हा गुणवंतीने असं धरलं की आबा कळवळले. तिने सोडलं नाही.

वाळूवर आल्यावर आबा आपणहून खाली बसले. नियमच होता तो. कमरेचा टॉवेल सोडला, गाठ चाचपली. फुलाचा लगदा झाला होता, पण होतं. त्यांनी समुद्राकडे तोंड केलं आणि जिथं कोणीच नव्हतं तिथं बघून, खलाशांना सांगावं तसं, समजुतीने म्हणाले, "नवीन हाय पोरगी. शिकंल. आज ऱ्हाऊ दे."

गुणवंती हुंदके देत हसली की हसत रडली, ते तिचं तिला कळलं नाही. संस्कृतीने पिशवीतून पाण्याची बाटली काढली. गूळ नव्हता, प्रसादाच्या साखरेचे दाणे होते. आबांनी दाणे तोंडात टाकले, वर पाणी प्यायले, आणि जाणं रीतसर मोडलं.

बंदराकडून होडीच्या इंजिनाचा आवाज येऊ लागला होता. विठू पुढे उभा राहून हात करत होता. गुणवंतीला एकदम थंडी वाजायला लागली, भर दुपारी, दात वाजतील इतकी. झालेल्या गोष्टीपेक्षा न झालेली गोष्ट आता अंगावर येत होती.

आबांनी तिच्या दंडावर थोपटलं. त्यांच्या आवाजात राग उरला नव्हता. घरात नव्याने आलेल्या, आईबापाला सोडून आलेल्या पोरीशी बोलावं, तसे ते हळू बोलत होते.

"घाबरू नको. मी काय रागावलो नाय. उद्या जाईन." मग जरा थांबून, विनवल्यासारखं म्हणाले, "पण उद्या नको विचारू हां गो."

गुणवंतीने त्यांचा हात दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला होता. "नाही विचारणार," ती म्हणाली. सासऱ्याशी इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच खोटं बोलली होती. उद्या ती विचारणार होती, परवा विचारणार होती, ते खुर्चीतून उठले की विचारणार होती, दाराच्या कडीला हात लागला की विचारणार होती. आणि एखाद्या दिवशी हाक ऐकूनही ते वळले नाहीत, तर?

आबा साखरेचा शेवटचा दाणा चघळत लाटांकडे बघत होते. ती उठली आणि त्यांच्या आणि समुद्राच्या मध्ये जाऊन बसली.